निघालेला हात

बाटल्यांच्या कारखान्यात तिला सगळे घार म्हणायचे, आणि ते तिला आवडायचं. तोंडावर कुणी म्हटलं तर ती डोळे वटारायची, पण नुसतं 'बाई' म्हटलेलं तिला अळणी लागायचं. नाव काही उगीच पडलेलं नव्हतं. भट्टीतून निघालेल्या बाटल्या लांबलचक बोगद्यातून थंड होत यायच्या आणि एका पट्ट्यावरून, एकीमागे एक, पांढऱ्या उजळ पडद्यासमोरून सरकत जायच्या. समोर चार खुर्च्या, चार बायका. बाटलीत बुडबुडा असेल, मानेला चीर असेल, खांदा बसका असेल, तर ती उचलायची आणि पायाशी ठेवलेल्या पिंपात टाकायची. काम एवढंच. आणि एवढंच म्हणणाऱ्याने एकदा त्या खुर्चीत तासभर बसून दाखवावं, मग बोलू. समोरची प्रत्येक बाटली अगदी दुसरीसारखी, आणि डोळ्यांना सांगायचं की बाबांनो, यातली वेगळी कुठली ते बघा.

सगळ्यात वाईट झोका. बाटलीच्या पोटात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, काचेचा केसाएवढा धागा लटकत राहिलेला असतो, त्याला या बायका झोका म्हणतात. बाहेरून बाटली सोन्यासारखी. पण आत औषध भरलं आणि गाडीत चार धक्के बसले की तो धागा तुटतो, आणि खोकल्याच्या औषधाबरोबर काच कुणाच्या तरी घशाखाली जाते. म्हणून बुडबुडा सुटला तर बोलणी खावी लागायची, झोका सुटत राहिला तर खुर्ची जायची. घारीची खुर्ची पट्ट्यावरची शेवटची. तिच्यापुढे थेट खोकी. म्हणजे तिघींच्या नजरेतून निसटलेलं तिने पकडायचं, आणि तिच्या नजरेतून निसटलेलं कुणीच पकडायचं नाही. ती खुर्ची इतक्या वर्षांची की तिच्यावरची उशीसुद्धा घारीने घरून आणलेली होती, जुन्या पडद्याची खोळ घालून.

तिसऱ्या खुर्चीत तिची धाकटी जाऊ बसायची. तिला कामाला आणली घारीने, आणि शिकवलीही घारीनेच. "झोका शोधत बसू नकोस गं," ती सांगायची. "उजेडाकडे बघ. उजेड जिथं मोडेल तिथं हात घाल." धाकटी शिकली, आणि चांगली शिकली. घरातही दोघींचं बरं होतं. एकाच इमारतीत वरखाली राहायच्या, एकाच बसने कामाला यायच्या, आणि सासरच्या माणसांची नक्कल करायची असली की धाकटीचा हात कुणी धरू शकत नसे.

मग जुना मुकादम निवृत्त झाला, आणि त्याच्या जागी धाकटीला नेमलं.

आता इथे घारीची बाजूही सांगितली पाहिजे. ती वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आली होती, "मला काय करायचीय ती मुकादमी? उभं राहून राहून पाय मोडायचे." हे ती मनापासून म्हणायची. पण माणूस असं म्हणतो तेव्हा त्याला वाटत असतं की समोरच्याने अजून एकदा विचारावं. कुणी विचारलं नाही. बोलल्याप्रमाणे ऐकलं आणि धाकटीला केलं मुकादम. बातमी आली तेव्हा सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि घारीचा हात आपसूक उठला, धाकटीच्या पाठीवर थाप मारायला. हात अर्ध्या वाटेत असताना मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "कानामागून आली आणि तिखट झाली." हात थांबला. हवेतच थांबला, आणि मग घारीने तो मागे घेऊन हातमोजा नीट केला. हातमोजा नीटच होता.

तेव्हापासून दोघी एकाच बसने यायच्या, पण वेगवेगळ्या बाकांवर बसून.

तिसऱ्या खुर्चीत दुसरी बाई आली, आणि नव्या मुकादमाने नवा नियम आणला. पिंपांमध्ये चांगल्या बाटल्याच फार निघत होत्या. बायकांना जरा शंका आली की हात जायचा, बाटली पिंपात. चांगली काच पुन्हा भट्टीत वितळवायची म्हणजे सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी, असं वरच्यांनी धाकटीला चार वेळा ऐकवलं होतं. म्हणून धाकटीने सगळ्यांना उभं करून सांगितलं, "शंका असेल तर हात मागे घ्यायचा. खात्री असेल तरच उचलायची." ऐकायला किती शहाणपणाचं! घारीलाही त्यात खोड काढता आली नाही, आणि खोड काढायची तिची फार इच्छा होती.

दुसरं म्हणजे धाकटीने परीक्षा सुरू केल्या. पूर्वी मुकादम मधूनच स्वतःच्या हाताने खराब बाटल्या, जिची परीक्षा तिच्या खुर्चीच्या जरा अलीकडे, पट्ट्यावर सोडायचा, बुडाला निळा ठिपका दिलेल्या. बसल्या जागेवरून तो ठिपका दिसत नाही. कुणी किती पकडल्या ते नंतर मोजायचं. जुना मुकादम आळशी होता, त्याने हे कधीच बंद करून टाकलं होतं. धाकटीने ते पुन्हा चालू केलं, आणि परीक्षेच्या वेळी ती प्रत्येकीच्या खुर्चीमागे उभी राहायची. कुणाचा हात चांगल्या बाटलीकडे निघाला की ती घसा खाकरायची. शब्द नाही, नुसतं खाकरणं. ते ऐकलं की हात मागे.

पहिल्याच परीक्षेत घारीच्या पुढून दोन झोके निघून गेले.

बाकीच्या बायका पिंपाकडे बघत राहिल्या. घारीला वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. धाकटीने खोक्यातून त्या दोन बाटल्या काढल्या, उलट्या करून निळे ठिपके दाखवले, आणि सरळ करून उजेडासमोर धरल्या. दोन्हींच्या पोटात धागा अगदी स्पष्ट. आंधळ्यालाही दिसावा असा.

"ताई, डोळे तपासून घ्या," धाकटी म्हणाली. आवाज हळू होता, पण ऐकणाऱ्या सगळ्या होत्या. "पुढच्या आठवड्यात परत बघू. तेव्हाही असंच झालं तर मला तुम्हाला खोकी वळायला बसवावं लागेल. माझा इलाज नाही."

"तुझा कसला इलाज," घार म्हणाली. "तू मुकादम."

चष्म्याच्या दुकानात तिने पाटीवरची सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली आणि वर दुकानदाराच्या कोटाचं बटण सैल झालंय हेही सांगितलं. नजर ठणठणीत होती. म्हणजे घोडं दुसरीकडेच कुठेतरी पेंड खात होतं, आणि हे कळल्यावर ती जास्तच घाबरली. डोळे गेले असते तर चष्मा लावता आला असता. डोळे असून दिसत नाही, याला कुठल्या दुकानात जायचं? खोक्यांच्या खोलीत बसलेल्या बायका तिने पाहिल्या होत्या. चांगल्या बायका, पण दिवसभर पुठ्ठ्याशी बोलायचं. आणि तिथे तिला घार कोण म्हणणार?

घरी ती स्वयंपाकघरात नवऱ्याशी एक शब्द न बोलता भाजी करत होती. नवरा निवृत्त बस चालक. निवृत्त झाला तरी त्याचा उजवा पाय अजून नोकरीवर होता. जेवताना कुणी मधेच उठलं तरी तो टेबलाखाली ब्रेक दाबायचा. घारीने मिठाच्या डब्याकडे हात नेला तेवढ्यात तो ओरडला, "थांब! मी टाकलंय मीठ!"

तिचा हात हवेत थांबला. मग ती भाजीवर ठेवायला झाकण शोधायला लागली. ओट्यावर नाही, शेगडीमागे नाही.

"झाकण कुठं टाकलंत हो?"

"तुझ्या नाकासमोर आहे."

झाकण खरोखरच मिठाच्या डब्याला टेकून उभं होतं. ताटाएवढं झाकण. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"वेड लागलं की काय मला," ती म्हणाली आणि खाली बसली, आणि मग तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, झोके, परीक्षा, खोक्यांची खोली. सांगता सांगता तिला रडू आलं. नवऱ्याने गॅस बारीक केला.

"वेडबिड काही नाही," तो म्हणाला. "हे माझ्या बाबतीत किती वेळा झालंय. फुटपाथवरचा एखादा माणूस रस्त्यात उतरल्यासारखं करतो आणि मागे जातो. तोवर माझा पाय ब्रेककडे निघालेला असतो. तो मी आवरतो. आणि नेमका त्याच वेळी पुढचा थांबा निघून जातो. मला दिसतच नाही. मागून लोक बोंबलतात, अहो, आमचा थांबा! लोकांना वाटायचं मला झोप लागली. झोप कसली? मी सगळा त्या पायाला आवरण्यात गुंतलेलो असायचो."

घार डोळे पुसायची थांबली.

पहिला झोका. त्याच्या आधीच्या बाटलीवर पाण्याचा डाग होता. तिचा हात निघाला होता, मागे धाकटी खाकरली होती, आणि हात परत आला होता. दुसरा झोका. त्याआधी? त्याआधीही खाकरणं. चांगल्या बाटलीकडे निघालेला हात तिने मांडीवर दाबून धरला होता, आणि त्यानंतरची बाटली... त्यानंतरची बाटली तिला आठवतच नव्हती. तिथे नुसता पांढरा उजेड होता.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःवरच पाळत ठेवली. हात निघाला, आवरला, आणि लगेच स्वतःला विचारलं, आत्ता गेली ती कशी होती? सांगता येईना. पुन्हा तेच. हात आवरला की डोळ्यासमोरून एक बाटली कोरी जायची. आणि आणखी एक वाईट गोष्ट तिच्या लक्षात आली. एकदा आवरलेला हात पुढच्या खऱ्या खराब बाटलीलाही उशिरा निघत होता. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताकही फुंकून पिणारा हात. अशा हाताने बोगद्यातून येणारी रांग सांभाळायची म्हणजे देवाचं नाव घ्यायचं.

घार ही सरळ बाई. दुखणं सापडलं की तिला औषध लगेच पाहिजे. तिने ठरवलं, हात आवरायचाच नाही. निघाला की उचल बाटली, टाक पिंपात. दुपारपर्यंत तिचं पिंप चांगल्या बाटल्यांनी भरलं आणि धाकटीने सगळ्यांदेखत त्यातली एकेक काढून तिच्यासमोर मांडली.

"ताई, हे काय आहे? नियम तुम्हालाही आहे."

"नियमानेच बाटल्या सुटतायत."

"मग लिहून देऊ वर, की आमच्या जाऊबाईंना नियम लागू नाही?"

घारीच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. तिने ते गिळलं, आणि गिळल्यावर तिला धाकटीचं तोंड नीट दिसेना. रागाने डोळे भरले होते, दुसरं काय.

"उचलायचं नाही आणि आवरायचंही नाही," तिने रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. "मग हाताने करायचं काय? कापून टाकू?"

नवऱ्याने घास चावून संपवला. त्याला घाई कधीच नसायची, सगळी घाई त्याने नोकरीत संपवली होती. "बसमध्ये चढलेला माणूस मधेच रस्त्यात उतरवत नाहीत," तो म्हणाला. "चुकीच्या बसमध्ये चढला असला तरी त्याला कुठंतरी पोचवावं लागतं. तुझा हात एकदा निघाला ना, मग त्याला कुठंतरी पोचव."

आयुष्यभर या माणसाने बसचीच उदाहरणं दिली म्हणून ती चिडायची. त्या दिवशी चिडली नाही.

सकाळी पट्टा सुरू झाला. एक बाटली आली, खांद्यावर सावलीसारखं काहीतरी. हात निघाला. अर्ध्यात कळलं की सावली कसली, पडद्यावर माशी बसलीय. तिने हात आवरला नाही. जाऊ दिला बाटलीपर्यंत, बोटाने तिच्या खांद्याला शिवलं आणि सोडून दिली. टिक. बाटली हलली नाही, पडली नाही, आपल्या वाटेने गेली. आणि हात रिकामा, मोकळा, परत आला. त्यामागची बाटली तिला स्वच्छ दिसली, तिच्या बुडाच्या कडेला असलेल्या बारीक बुडबुड्यासकट. ती तिने उचलली आणि पिंपात टाकली.

टिक. टिक. दिवसभर ती चांगल्या बाटल्यांना शिवत राहिली. शेजारणीने विचारलं, "काय, बाटल्यांना आशीर्वाद देताय का?"

"देतेय," घार म्हणाली. "तुलाही देऊ?"

परीक्षेच्या दिवशी ती उशी झटकून बसली. भीती होतीच, खोटं कशाला बोला. धाकटी मागे येऊन उभी राहिली. बोगद्याकडून बाटल्या यायला लागल्या, आणि घारीने खांदे सैल सोडले.

चीर, उचलली. बसका खांदा, उचलला. मग एक चांगली बाटली आली, काचेत नुसती एक लाट असलेली. हात निघाला, आणि मागे धाकटी खाकरली.

घारीचं सगळं अंग थांबायला बघत होतं. इतक्या दिवसांची सवय. पण हात पोचला. टिक. बाटली पुढे गेली, आणि तिच्या मागोमाग येणाऱ्या बाटलीच्या पोटात उजेड मोडलेला तिला दिसला, केसाएवढाच. झोका. तिने तो मानेला धरून उचलला आणि शांतपणे पिंपात ठेवला. टाकला नाही, ठेवला, कारण ती घार होती आणि तिला सगळ्यांना तो दाखवायचा होता.

धाकटी पुन्हा खाकरली, पुन्हा टिक. असं चाललं. शेवटी धाकटीने पट्टा थांबवला आणि पिंपातल्या बाटल्या उलट्या करून ठिपके मोजले. मग परत मोजले. तिने सोडलेल्या सगळ्या तिथे होत्या. एक झोक्याची बाटली जास्तीची होती, बुडाला ठिपका नसलेली.

"ही मी घातली नव्हती," धाकटी म्हणाली. "ही कुणी घातली?"

"भट्टीने," घार म्हणाली.

तीन बायका खोखो हसल्या. धाकटी हसली नाही. ती त्या बाटलीकडे बघत होती, म्हणजे कुणाच्या तरी घशाकडे बघत होती. ही बाटली तीन खुर्च्यांपुढून आली होती आणि त्या तिन्ही जणी तिचा नियम पाळत होत्या.

"ते टिकटिक काय करत होता ताई?"

"बस इथं. बसल्याशिवाय कळायचं नाही."

धाकटी त्या उशीवर बसली. पट्टा सुरू झाला. घार तिच्यामागे उभी राहिली, आणि धाकटीचा हात निघाला तशी ती खाकरली. अगदी धाकटीसारखीच, नक्कल कुणाकडून शिकायची ते तिला माहीत होतं. हात मागे आला.

"त्यामागची कशी होती?"

"ती... थांबा, ताई. परत करा."

परत केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा घारीने सांगितलं, "आता मी खाकरले तरी आवरू नकोस. शिव आणि सोड." टिक. "कशी होती मागची?"

"मानेत बुडबुडा!" धाकटी ओरडली आणि हसायला लागली, आणि हसता हसता उठून दुसऱ्या खुर्चीकडे गेली. दुपारच्या आत चारही खुर्च्यांपुढे टिकटिक सुरू झाली. नियमही तिने बदलला. शंका असेल तर हात मागे नाही, हात पुढे, शिवून सोडायचं. स्वतः केलेला नियम असा सगळ्यांदेखत मोडायला छाती लागते. हे घारीला मान्य करावं लागलं, आणि मान्य करताना तिला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

पाळी संपल्यावर दोघी हात धुवायच्या मोरीपाशी एकदम आल्या. धाकटीने हातमोजे काढले. तिच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता, जुना, सुकत आलेला. डोळ्यांखाली काळं झालं होतं. गळ्याची हाडं वर आली होती. घारीला कळेना की हे कधी झालं. रोज एकाच बसमध्ये, एकाच जिन्यात, आणि आपण बघत नव्हतो? नजर तर ठणठणीत होती.

"हे कुठं भाजलं तुला?"

"बोगद्याच्या तोंडाशी. झाले बरेच दिवस." धाकटी नळाखाली हात धरून उभी राहिली. मग पाण्याकडे बघतच म्हणाली, "ताई, एक विचारू? मला मुकादम केलं त्या दिवशी तुमचा हात निघाला होता माझ्या पाठीकडे. मला पाठीमागे कळला होता. मी वाट बघत उभी होते. मधेच का थांबला तो?"

घारीला लाज वाटली, आणि माया आली. उत्तर दोघींनाही ठाऊक होतं. घारीचा ओला हात उठला, आणि या वेळी मागून कुणी काही म्हणालं असतं तरी तो आवरला गेला नसता. तो धाकटीच्या पाठीवर असा पडला की आवाज मोरीच्या भिंतींत घुमला.

"अगं आई गं!" धाकटी कळवळली. "हळू की हो ताई, बाटल्यांना तर नुसतं शिवता!"

"त्यांना सोडून द्यायचं असतं," घार म्हणाली. हात तिने तिथेच ठेवला होता.